इंजेक्शन घेता, मग गोळ्या कशाला?

रात्री इन्सुलिन घेत असताना पुन्हा मेटफॉर्मिनच्या गोळ्या कशासाठी, हा प्रश्न मला लग्नकार्यापासून औषधाच्या दुकानापर्यंत सगळीकडे विचारला जातो, आणि त्यामागचा ‘आता शेवटची पायरी आली’ हा सूर मला कळत नाही असे समजू नका. तर, तुम्ही विचारलेत म्हणून सांगते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात बिघाड एकाच जागी नसतो. स्वादुपिंडातले इन्सुलिन अपुरे पडते, आणि जे असते त्याला शरीर नीट दाद देत नाही. त्यामुळे यकृत रात्रभर गरजेपेक्षा जास्त साखर रक्तात सोडत राहते. मेटफॉर्मिन यकृताला आवरते, इंजेक्शन तूट भरून काढते. गोळी चालू असली की इन्सुलिनचे युनिट सहसा कमी लागतात आणि त्याने वाढणारे वजनही काहीसे आटोक्यात राहते.

गोळ्या सगळ्या सारख्या नसतात, हे मात्र मला भाच्याच्या लग्नात कळले. तेव्हा सकाळी ग्लिमेपिराइडही चालू होती. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवा अथवा न जेवा. न्याहारी वेळेवर झाली होती. पण लग्न उशिरा लागले आणि पंगत दोनच्या पुढे गेली. हात थरथरू लागले, अंग घामाने भिजले, समोरची माणसे काय बोलतात ते उमजेना. परातीतली जिलबी उचलायला गेले, तर नणंदेने “वहिनी, तुम्हाला साखर आहे ना!” म्हणत परातच बाजूला सरकवली. तिला समजावून सांगण्याइतकी जीभ वळत नव्हती. अखेर मुलीने पर्समधले ग्लुकोमीटर काढून माझे बोट टोचले. आकडा ४८ होता, आणि ७० च्या खाली जाणे हीच धोक्याची खूण असते. तिने ग्लुकोज पाण्यात कालवून पाजले, १५ मिनिटांनी पुन्हा तपासले. नणंदेवर माझा राग नाही असे मी सांगते, पण थोडा आहे. साखर वाढण्याची धास्ती सगळ्यांना असते; उतरलेली साखर कुणाच्या ध्यानातच येत नाही.

नंतर डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड बंद केली, मेटफॉर्मिन ठेवली. एक तर गोळ्या द्या नाहीतर इंजेक्शन, असे मीही एकेकाळी डॉक्टरांशी भांडत असे. त्या बाईला आज समजवायला गेले तर ती ऐकेलच असे नाही, कारण रोज पोटात सुई टोचणे मला अजूनही नकोसे वाटते, आणि मेटफॉर्मिनने पोट बिघडते ते वेगळेच. शिवाय ही जोडी कायमची आहे असेही नाही. मूत्रपिंडाचे काम फार मंदावले तर मेटफॉर्मिन थांबवावीच लागते, म्हणून क्रिएटिनिन वरचेवर तपासून घेते; पुढच्या लग्नात विचाराल तेव्हा उत्तर कदाचित वेगळे असेल.