रस्त्याकडेच्या झाडांची छाटणी: झाडाची परवानगी आणि रस्त्याचा बंदोबस्त

एप्रिल-मे महिन्यांत मुंबईत रस्त्याकडेच्या झाडांची छाटणी जोरात सुरू असते. महापालिकेच्या वृक्षगणनेनुसार शहरात सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे असून त्यांपैकी १ लाख ८५ हजारांहून अधिक थेट रस्त्यांच्या कडेला उभी आहेत, आणि पावसाला तोंड फुटण्याआधी त्यांच्या धोकादायक फांद्या उतरवणे हे उद्यान खात्यापुढचे दरवर्षीचे मोठे काम असते. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या कुंपणाला लागून, वर्दळीच्या रस्त्यावर झुकलेले जुने पर्जन्यवृक्ष आहेत आणि त्यांच्या छाटणीचा पाठपुरावा संस्थेच्या वतीने बरीच वर्षे माझ्याकडे आहे. त्या अनुभवावरून एक गोष्ट मला ठामपणे मांडायची आहे: झाडाला हात लावण्याची परवानगी आणि त्या वेळी खालचा रस्ता सांभाळण्याची व्यवस्था या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर आल्या पाहिजेत.

झाडापुरती कायद्याची बाजू बरीच स्पष्ट आहे. ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’ हा त्याचा पाया. या कायद्याच्या दृष्टीने झाड तोडणे म्हणजे केवळ बुंध्यावर कुऱ्हाड चालवणे नव्हे. झाड जाळणे, कापणे किंवा कोणत्याही प्रकारे त्याला इजा करणे हेही तोडण्यातच मोडते. त्यामुळे झाड संस्थेच्या आवारातले आहे, ते आम्हीच लावले आणि वाढवले, असे म्हणून परस्पर माणूस बोलावता येत नाही. विभाग कार्यालयात वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज द्यावा लागतो, त्यानंतर पाहणी होते आणि मग लेखी परवानगी मिळते. संपूर्ण झाड काढायचे असेल तर त्या झाडावर नोटीस लावणे, वृत्तपत्रातून हरकती मागवणे हे टप्पेही येतात. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना हेरिटेज वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट घातली, हे मला अत्यंत योग्य वाटते. झाड कोसळण्याच्या बेतात असेल तर आधी ते हटवून लगेच वृक्ष अधिकाऱ्याला कळवण्याची मुभाही कायद्यात आहे. मात्र ही मुभा खऱ्या आणीबाणीसाठी आहे, अर्ज टाळण्यासाठी नाही.

रस्त्याच्या बाजूला मात्र असा काटेकोरपणा दिसत नाही. केबल किंवा जलवाहिनीसाठी चर खणायचा असेल तर वाहतूक पोलिसांचे ना हरकत पत्र लागते, कामाभोवती बॅरिकेड उभे करावे लागतात आणि कंत्राटदाराच्या नावाचा फलक लावावा लागतो. याउलट माणसांच्या डोक्यावर, दोन-तीन मजल्यांच्या उंचीवर, कित्येक क्विंटल वजनाची फांदी कापली जाणार असते तेव्हा माझ्या पाहण्यात आलेल्या छाटणीच्या परवानगीपत्रांत रस्त्याविषयी ‘योग्य ती खबरदारी घ्यावी’ यापलीकडे काहीही नसते. ही खबरदारी कोणी घ्यायची, किती अंतरापर्यंत आणि कोणत्या वेळेत, हे ठरलेले नसल्यामुळे ती शेवटी मुकादमाच्या अनुभवावर आणि शिट्टीवर येऊन ठेपते.

वास्तविक याबाबतचे मार्गदर्शन उपलब्ध आहे. रस्त्यावरील कामांच्या वेळी वाहतूक कशी सांभाळावी याविषयी रस्त्यांच्या कामांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची ‘एसपी ५५’ (विशेष प्रकाशन क्रमांक ५५) ही मार्गदर्शिका असून तिची सुधारित आवृत्ती २०१४ मध्ये निघाली. तीत कामाच्या जागेचे चार भाग केलेले आहेत: चालकाला आगाऊ सूचना देणारा भाग, वाहने बाजूच्या मार्गिकेत वळवणारा भाग, प्रत्यक्ष कामाचा भाग आणि वाहने पुन्हा मूळ मार्गिकेत आणणारा भाग. मार्गदर्शिकेचा मुख्य रोख रस्तेबांधणीवर असला तरी तत्त्व छाटणीला जसेच्या तसे लागू पडते. आपल्याकडे प्रत्यक्षात यातला तिसरा भागच तेवढा केला जातो. फांद्या वाहून नेणाऱ्या डंपरच्या मागे दोन ट्रॅफिक कोन ठेवले की काम सुरू, आणि भरधाव येणाऱ्या दुचाकीस्वाराला मार्गिका बंद असल्याचे डंपर समोर दिसल्यावरच कळते.

झाडाच्या कामाची एक अडचण चर खणण्याच्या कामात नसते, ती म्हणजे धोक्याची जागा वर असते आणि ती हलती असते. पर्जन्यवृक्षाचा घेर छत्रीसारखा पसरतो आणि मोठी फांदी अनेकदा दुभाजक ओलांडून पलीकडच्या मार्गिकेवर गेलेली असते. अशी फांदी उतरवताना जाणकार माणूस ती एका घावात कापत नाही. आधी बुंध्यापासून थोड्या अंतरावर फांदीला खालून एक काप देतात, मग त्याच्या जरा पुढे वरून कापतात, म्हणजे फांदी तुटताना बुंध्याची साल सोलून नेत नाही. आणि राहिलेला खुंट शेवटी फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याला धक्का न लावता काढतात, म्हणजे जखम लवकर भरून येते. फांदीला आधीच दोर बांधून तो वरच्या मजबूत बेचक्यातून खाली आणलेला असतो. वरून काप पूर्ण होताच फांदी दोरावर लोंबकळत वेडीवाकडी झोके घेते आणि खाली दोर धरलेली माणसे ती हळूहळू सोडत जातात. त्या काही क्षणांत फांदीचा शेंडा डंपरच्या बराच बाहेर, पदपथावर किंवा पलीकडच्या मार्गिकेवर येऊ शकतो. म्हणून अडवायची जागा डंपरच्या लांबीवरून ठरवून चालत नाही. ती झाडाच्या घेरावरून आणि दोराच्या झोक्यावरून ठरवावी लागते, आणि फांदी सुटण्याच्या वेळी दोन्ही दिशांची वाहने पूर्ण थांबवावी लागतात. त्यासाठी दोन्ही टोकांना झेंडेवाले हवेत आणि वरच्या माणसाशी त्यांचा इशारा आधी ठरलेला हवा.

सर्वांत जास्त हेळसांड होते ती पायी चालणाऱ्यांची. पदपथ दोरीने बंद केला जातो, पण पर्यायी वाट दिली जात नाही, त्यामुळे शाळकरी मुले आणि वयस्कर मंडळी त्याच अरुंद झालेल्या रस्त्यावर उतरतात. माणसाला पलीकडच्या पदपथावर वळवायचे असेल तर ते आधीच्या चौकातच, जिथे ओलांडायला सिग्नल आहे तिथेच, सांगितले पाहिजे.

वेळेचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. आमच्या रस्त्यावर रविवारची सकाळ सर्वांत सोयीची, परंतु तारा झाडातून गेलेल्या असतील तर वीज कंपनीकडून पुरवठा बंद ठेवण्याची वेळ मिळवावी लागते आणि ती बहुधा कामाच्या दिवशी मिळते. त्यात एप्रिल-मे हा अनेक पक्ष्यांच्या विणीचा काळ. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणे हेही शिकारीच्या व्याख्येत येते, तेव्हा करवत चालवण्यापूर्वी दुर्बिणीने फांद्या पाहून घेणे आवश्यक आहे. घरटी कमी असतील अशा महिन्यांत, म्हणजे थंडीतच, जास्तीत जास्त छाटणी उरकली तर मे महिन्याची घाई टळेल आणि वाहतूक पोलिसांनाही वेळापत्रक आधी देता येईल. घाईतच तारांच्या बाजूच्या तेवढ्या फांद्या साफ करून दुसरी बाजू तशीच सोडली जाते. अशा झाडाचा तोल जातो आणि पुढच्या वादळात ते त्याच जड बाजूला कलंडते.

या वर्षीच्या अर्जासोबत आम्ही एका पानाचा नकाशा जोडला आहे. त्यात झाडाचा घेर, बंद ठेवायची मार्गिका, आगाऊ फलकांच्या जागा, पादचाऱ्यांची वाट, झेंडेवाल्यांची ठिकाणे आणि आदल्या संध्याकाळी हलवायची वाहने दाखवली आहेत. त्याची एक प्रत वाहतूक पोलीस चौकीला दिली आहे. हा नकाशा परवानगीपत्राचाच भाग मानावा, आणि पाला झाडून, ओंडके उचलून नेईपर्यंत पदपथ खुला झाला असे धरू नये, या दोन अटी पत्रात लिहून मिळाव्यात अशी लेखी विनंती विभाग कार्यालयाकडे केली आहे. कोणत्याही संस्थेला आपल्या अर्जासोबत असा नकाशा जोडता येईल. त्याला अभियंत्याची गरज नाही, मोजपट्टी आणि रस्त्याची नीट पाहणी पुरेशी आहे.