नाशिक–पहिने–वैतरणा–घोटी: एका दिवसाची एकटीची सायकलफेरी

ही फेरी भाद्रपद सरता सरता करावी. गणपती गावी गेलेले असतात, पावसाचा जोर ओसरलेला असतो, इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात भात पोटरीत आलेलं असतं आणि बांधांवर सोनकी पिवळीधमक फुललेली असते. नाशिककराला समुद्र लांब पडतो, पण पाण्याच्या कडेनं सायकल मारायची हौस वैतरणेवर मनसोक्त भागते.

त्र्यंबक नाका, सातपूर, महिरावणी, अंजनेरी, पेगलवाडी फाटा, पहिने, वैतरणा, घोटी आणि मुंबई-आग्रा महामार्गानं परत, असं हे वर्तुळ. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. दिशा हीच ठेवा. पावसाळी वारं पश्चिमेकडून येतं. सकाळी पायांत दम असताना ते छातीवर घ्यायचं, म्हणजे दुपारी दमल्यावर महामार्गावर तेच पाठीवर मिळतं.

उजाडायच्या आत निघाले. सातपूरची पहिली पाळी सुरू व्हायच्या आधी एमआयडीसी मागे टाकली की कंपन्यांच्या बसगाड्यांचा ताप चुकतो. पुढे त्र्यंबकपर्यंत रस्ता सपाट वाटतो, पण तसा नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आणि त्र्यंबक सातशेच्या वर. चढ डोळ्यांना दिसत नाही, मांड्यांना मात्र बरोबर कळतो. हलक्या गिअरवर पाय फिरवत राहा. त्र्यंबकेश्वराचं दर्शन याच दिवशी उरकू नका. रांगेत तास जातात आणि सायकलीपाशी थांबायला कुणी नसतं. श्रावणात जाणार असाल तर सोमवार टाळाच. तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला माणसांचा पूर लोटतो.

पेगलवाडी फाट्यावर डावीकडे वळलं की रहदारी एकदम तुटते. एका बाजूला अंजनेरीचे कडे, दुसऱ्या बाजूला ब्रह्मगिरी, मधून पहिन्याची बारी, म्हणजे खिंड. मला या फेरीतला सगळ्यात मोलाचा तुकडा हाच वाटतो. बारीच्या अलीकडे पडलेला पाऊस गोदावरीला मिळतो आणि 1465 किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागरात जातो. पलीकडचा वैतरणेत उतरतो आणि अरबी समुद्र गाठतो. नकाशात ही रेघ मी कितीदा पाहिली होती, पण चढ संपून पेडल आपोआप हलकं होतं तेव्हा ती अंगानं कळते.

उतारावर मात्र भान हवं. डोंगरातून येणारं पाणी काही ठिकाणी रस्त्यावरून वाहतं आणि तिथं हिरवं शेवाळ धरतं. सरळ उतरून सायकल हातात धरा. ब्रेकच्या रबरात बारीक वाळू अडकते, करकर ऐकू आली की थांबून फडक्यानं रिम आणि रबर पुसून घ्या. कड्याच्या अगदी खाली फोटोसाठी रेंगाळू नका, दगड सुटतात. आणि शनिवार-रविवारी इकडे येऊच नका. धबधब्यांवर धिंगाणा घालणाऱ्यांच्या गाड्या दोन्ही बाजूंना लागतात, काचा फुटलेल्या असतात. इतक्या सुंदर जागेची ही दशा पाहून जीव जळतो.

एका टपरीवर चहा घेतला. चुलीपुढे बसलेल्या मावशींनी विचारलं, "ताई, एकट्याच? घरचे काय म्हणले नाही?" म्हटलं, "मावशी, दर टप्प्यावर फोन करते, मगच सोडतात." त्यांनी भाजलेलं कणीस पुढे केलं आणि त्याचे पैसे घ्यायला ठाम नकार दिला.

फोनचं मात्र खरं सांगते, पहिने ते वैतरणा रेंज भरवशाची नाही. नकाशा आधीच उतरवून घ्या आणि घरी वेळा सांगून ठेवा.

मुख्य रस्ता सोडून धरणाकडे वळलं की ऊर्ध्व वैतरणेचं पाणी समोर पसरतं. मुंबईच्या नळांना येणाऱ्या पाण्याचा एक वाटा इथला. कडेची जमीन लाल चिखलाची, टायर रुततो, तेव्हा सायकल डांबरावरच ठेवा. पाण्यात उतरू नका. काठ दिसतो उथळ, पण पाय कुठं जाईल सांगता येत नाही. मी डबा इथंच उघडून खाल्ला. इथं निवांत तासभर तरी द्या, वेळ वाचवायचा तर महामार्गावर वाचवा.

घोटीला पाणी, केळी, मीठ-साखर भरून घ्या. हवा स्वच्छ असेल तर कळसूबाई दिसते. पुढचा महामार्ग कंटाळवाणा आणि धोक्याचा. पांढऱ्या पट्टीच्या डावीकडेच राहा, पण तिथंही ट्रक उभे असतात. त्यांना वळसा घालण्याआधी मागे वळून बघा, नुसत्या आरशावर विसंबू नका. वाडीवऱ्हे, विल्होळी, मग पांडवलेणी दिसली की शहर आलं. उड्डाणपुलावर न चढता खालच्या रस्त्यानं जा.

सोबत दोन ट्यूब, पंप आणि चेन जोडायचं हत्यार हवंच. बारीक तोंडाच्या व्हॉल्व्हला गावच्या पंक्चरवाल्याचा पंप बसत नाही. पितळी अडॅप्टर छोटासा असतो, तो खिशात असू द्या. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा, ढग उतरले की भर दुपारी काही दिसत नाही. नाशिक शहरात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस, इगतपुरीत त्याच्या चौपट-पाचपट. तेव्हा घरून निघताना आभाळ कोरडं दिसलं तरी रेनकोट घ्याच.