गोव्याची हाफ ट्रायथलॉन : पावसाळ्यातला सराव, ऑक्टोबरचं ऊन

गोव्यात मिरामारला २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आयर्नमॅन ७०.३ ही हाफ ट्रायथलॉन पहिल्यांदा झाली. कोविडची दोन वर्षं सोडली तर ती दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते. १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, ९० किलोमीटर सायकल चालवायची, २१.१ किलोमीटर धावायचं, सगळं सलग. तिन्ही अंतरांची मैलांतली बेरीज म्हणजे ७०.३. महाराष्ट्रातून जाणाऱ्या हौशी स्पर्धकाला अंतरापेक्षा तारीख जास्त छळते. तयारीचे मुख्य महिने जून ते सप्टेंबर. तेव्हा कोकणचा समुद्र पोहायला बंद, घाटरस्ते निसरडे, हवा गार. शर्यतीला मात्र कोमट समुद्र, डोक्यावर ऊन आणि अंगाला चिकटणारा दमटपणा. माझी सगळी आखणी या फटीभोवती फिरते, म्हणून इथे त्याबद्दलच जास्त लिहिते.

आधी आकडे. या अंतराचे नेहमीचे कट-ऑफ, म्हणजे ज्या वेळेच्या आत तो टप्पा संपवावाच लागतो, असे : पोहणं १ तास १० मिनिटं, सुरुवातीपासून सायकल संपेपर्यंत साडेपाच तास, एकूण साडेआठ तास. पोहण्यात हे १०० मीटरला ३ मिनिटं ४१ सेकंद पडतं. ५५ मिनिटांत पोहून ८ मिनिटांत सायकलवर बसलात, तर ९० किलोमीटरला जवळपास साडेचार तास उरतात, म्हणजे ताशी २० च्या थोडं वर वेग लागतो. धावायला उरलेल्या तीन तासांतली दहा मिनिटं सायकल ठेवून बूट बदलण्यात गेली असं धरलं तरी किलोमीटरला ८ मिनिटं मिळतात. गार हवेत हे आकडे सोपे वाटतात. ज्यांची शर्यत अर्धवट राहते, त्यांतले बरेच जण धावताना उन्हात थांबतात. आपल्या वर्षाची स्पर्धकांसाठीची पुस्तिका नीट वाचा, कारण मार्गाच्या फेऱ्या आणि वेळा बदलू शकतात.

आठवड्याला ८ ते १२ तास, असे १६ ते २० आठवडे द्यावे लागतात. पाया नसेल तर त्याआधी सहा महिने साधं पोहणं-धावणं. चाळिशी ओलांडली असेल तर नाव नोंदवण्याआधी ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करून घ्या, यात सूट नको.

पोहण्यापासून सुरू करते. २५ मीटरच्या तलावात १.९ किलोमीटर म्हणजे ७६ लांब्या, आणि प्रत्येक लांबीला भिंतीला पाय लावून फुकटचा धक्का मिळतो. समुद्रात तो नाही. त्यामुळे तलावातली वेळ बघून समुद्रातला अंदाज बांधला की तो चुकतो. पावसाळ्यात समुद्र नसला तरी दोन गोष्टी तलावात होतात. एक, भिंतीपासून दोन मीटर आधीच वळायचं, भिंतीला स्पर्श करायचा नाही. असं १,००० मीटर सलग केलं की खांदे खरं काय ते सांगतात. दुसरी, दर आठ हातांना डोळे पाण्यावर काढून समोर बघायचं, पण श्वास नेहमीसारखा बाजूलाच घ्यायचा. डोकं पूर्ण उचललं की कंबर बुडते आणि वेग जातो. लेन रिकामी असेल तर दहा हात डोळे मिटून पोहून बघा. तुम्ही डावीकडे सरकता की उजवीकडे, ते लगेच कळतं. समुद्रात हीच सवय दोन-तीनशे मीटर जादा पोहायला लावते.

खऱ्या लाटांची ओळख आदल्या हिवाळ्यातच करून घ्यावी. मालवणच्या चिवला बीचवर डिसेंबरात राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा होते. तिथे गर्दीत, खाऱ्या पाण्यात, बोया (मार्ग दाखवणारे तरंगते फुगे) बघत पोहायचा सराव होतो आणि सुरक्षेच्या बोटीही असतात. एकट्यानं समुद्रात उतरू नका, पोहणं कितीही चांगलं असलं तरी.

मिरामारचं पाणी इतकं कोमट असतं की वेटसूटचा, म्हणजे गार पाण्यात घालायच्या जाड रबरी पोशाखाचा, प्रश्न येत नाही. त्यामुळे वेटसूटमुळे मिळणारा तरंगही नाही. पाय बुडणाऱ्यांनी हे गृहीत धरावं. मांडवीच्या मुखाजवळचं पाणी गढूळ, हाताखालचं दिसत नाही. किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून परत येताना उगवता सूर्य समोर येतो. गडद काचेचा गॉगल घ्या आणि किनाऱ्यावर जिथे पोहणं संपतं त्या कमानीमागची एखादी उंच इमारत किंवा झाडांचा गट आदल्या दिवशी हेरून ठेवा, कारण उन्हाच्या तिरिपीत बोया दिसत नाही. मानेला, काखेत आणि ट्रायसूटच्या (तिन्ही टप्प्यांत घालायच्या घट्ट पोशाखाच्या) शिवणींवर व्हॅसलीन हवंच. मिठाच्या पाण्यात घासलेली कातडी पुढचे सहा तास चुरचुरते. जेलीफिश लागली तर चोळायचं नाही, समुद्राच्याच पाण्यानं धुवायचं आणि श्वास अडला, तोंड सुजलं तर हात वर करून बोट बोलवायची.

आता ऊन. उष्णतेची सवय व्हायला शरीराला १० ते १४ दिवस लागतात. या काळात रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि घामातून जाणारं मीठ कमी होतं. पुण्या-नाशिककडून येणाऱ्यांना याची गरज जास्त. ऑक्टोबरात तिथे दुपारी ऊन असतं, पण हवा कोरडी आणि पहाट गार. गोव्यात घाम सुटतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. म्हणून शर्यतीच्या तीन आठवडे आधीपासून मी घरात ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर) पंखा बंद करून, खिडक्या लावून, हलक्या जोरावर ६० ते ९० मिनिटं सायकल चालवते, आठवड्यातून चार-पाच दिवस. जोर नेहमीपेक्षा कमीच ठेवायचा, इथे काम उष्णतेनं करायचं असतं. चक्कर, अंगावर शहारे, मळमळ यांपैकी काहीही झालं की त्याच क्षणी थांबायचं. घरात दुसरं कुणी असतानाच हे करा. शेवटच्या आठवड्यात दोन हलकी सत्रं पुरतात. पूर्ण सोडलं तर सवय दोन-तीन आठवड्यांत उतरते.

याच सत्रांत घाम मोजायचा. कपड्यांशिवाय वजन करा, तासभर चालवा, अंग पुसून पुन्हा वजन करा. समजा आधी ६४.० किलो, नंतर ६३.१, आणि मध्ये अर्धा लिटर प्यालात. तर तासाला १.४ लिटर घाम गेला. एवढं सगळं पिऊन भरता येत नाही. सायकलवर तासाला ८०० ते १,००० मिलिलिटर पोटात मावतं, धावताना ५०० ते ७००. वजनाच्या दोन-तीन टक्के तूट चालते. फक्त साधं पाणी ढोसत राहणं मात्र धोक्याचं. रक्तातलं सोडियम उतरतं, बोटं सुजतात, घड्याळाचा पट्टा आवळतो, डोकं दुखतं, मळमळतं. अशा वेळी आणखी पाणी पिऊ नका, वैद्यकीय तंबूत जा.

मीठ स्वयंपाकघरातलंच चालतं. एक ग्रॅम मिठात साधारण ३९० मिलिग्रॅम सोडियम असतं. लिटरभर घामात ५०० ते १,००० मिलिग्रॅम, काहींच्या त्याहून जास्त जातं. काळ्या कपड्यांवर पांढरे पट्टे उमटत असतील तर स्वतःला खारट घामाच्या गटात धरा. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत मी २ ग्रॅम मीठ मोजून घालते, म्हणजे ७८० मिलिग्रॅम सोडियम. चमच्यानं अंदाज नको, ग्रॅमचा छोटा काटा स्वस्तात मिळतो. दुकानात खोक्यात मिळणारी गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या पुडीत लिटरला सुमारे १,७०० मिलिग्रॅम सोडियम असतं आणि साखर अगदी कमी, त्यामुळे ती मीठ म्हणून उपयोगी, इंधन म्हणून नाही.

इंधन वेगळं मोजायचं. साडेतीन तासांच्या सायकलीला तासाला ७० ग्रॅम कार्बोहायड्रेट धरलं तर २४५ ग्रॅम लागतात. ८० ग्रॅमच्या दोन बाटल्या आणि २५ ग्रॅमची तीन जेल (दाट गोड पाकाच्या पुड्या) मिळून २३५ होतात, वर अर्धं केळं. आतडं नुसतं ग्लुकोज तासाला ६० ग्रॅमच्या आसपासच शोषतं. त्यापुढे फ्रुक्टोजची वाट वापरावी लागते. साध्या साखरेत दोन्ही निम्मं-निम्मं असल्यानं घरच्या बाटलीला ती चांगली. द्रावण आठ-दहा टक्क्यांपेक्षा घट्ट झालं की पोट भरल्यासारखं वाटतं आणि उलटी होते, म्हणून ८० ग्रॅमची बाटली प्यायची तर सोबत मदत-केंद्रावरचं साधं पाणी घ्यायचं. दर १५ मिनिटांनी घड्याळाचा गजर लावा. भूक लागल्यावर खायचं म्हटलं तर उशीर झालेला असतो. आणि पोटालाही सराव लागतो : तासाला ४० ग्रॅमपासून सुरू करून आठ-दहा आठवड्यांत ७० वर यायचं. शर्यतीच्या पहाटे, सुरुवातीच्या तीन तास आधी, मऊ भात किंवा ब्रेड-जॅम आणि केळं. तेलकट पोहे, साबुदाण्याची खिचडी, दूध नको.

सायकल रोडबाइक पुरते, ट्रायथलॉनसाठीच्या खास ट्रायबाइकचा खर्च पहिल्या शर्यतीला गरजेचा नाही. २८ मिलिमीटरचे टायर, दोन ट्यूब, लिव्हर, हातपंप. खोल रिम असेल तर ट्यूबचा व्हॉल्व्ह लांब हवा, नाहीतर पंप लागतच नाही. हे घरी बसवून बघा. पेटीतून नेताना मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) सोडवून गुंडाळा, कारण तो ज्यावर बसतो तो हँगर वाकला की चढाच्या गिअरला साखळी स्पोकमध्ये जाते. सायकल आदल्या दिवशी जमा होते आणि उन्हात उभी राहते. थोडी हवा काढून ठेवा, पहाटे फूटपंपानं पुन्हा भरा. निळ्या पिशवीत सायकलचं सामान, लाल पिशवीत धावण्याचं. सायकलला हात लावण्याआधी हेल्मेटचा पट्टा लावलेला हवा आणि ती स्टँडवर परत टांगेपर्यंत तो काढायचा नाही. पुढच्या स्पर्धकाच्या पुढच्या चाकापासून तुमच्या पुढच्या चाकापर्यंत १२ मीटर अंतर, ओलांडायला २५ सेकंद. कुणी तुम्हाला ओलांडलं की मागे सरकणं तुमचं काम. गटात चालवायची सवय असलेले इथे पंच जवळ असूनही चुकतात, म्हणून सरावातच एकट्यानं चालवा.

जोर किती? पॉवरमीटर असेल तर पहिल्या शर्यतीला, गोव्याच्या हवेत, एफटीपीच्या (साधारण तासभर टिकवता येणाऱ्या कमाल जोराच्या) ७० टक्क्यांच्या आसपास राहा. नसेल तर पूर्ण वाक्य बोलता येईल इतपत. पोहून आल्यावर सायकलच्या पहिल्या २० किलोमीटरांत नाडी वर असते आणि पाय ताजे वाटतात, तिथेच जास्तीचं इंधन जळतं. फ्लायओव्हरवर आणि चढांवर उठून जोर लावू नका, गिअर उतरवा. दहा मिनिटं वाचवण्यासाठी जादा ढकललं तर धावताना अर्धा तास जातो.

धावणं दोना पावलाच्या बाजूनं, फेऱ्यांमध्ये आणि चढ-उतारांसह असतं. सायकलवरून उतरल्यावर पहिले दोन किलोमीटर पाय आपले वाटत नाहीत. त्यासाठी दर आठवड्याला ७०-८० किलोमीटर सायकलीनंतर लगेच ५ किलोमीटर धावायचं, याला ब्रिक सराव म्हणतात. प्रत्येक केंद्रावर चालत जायचं, सुरुवातीपासूनच, ताकद असतानाही. बर्फ टोपीत, मानेमागे आणि छातीशी सूटच्या आत. पाणी डोक्यावर ओतताना पुढे वाकायचं, कारण बूट भिजले की तळव्याला फोड येतात. नाडी सरावापेक्षा दहा ठोके जास्त दिसेल, ती उन्हाची आहे. वेग त्या नाडीवर ठरवा, घड्याळावरच्या मिनिटांवर नाही. कातडी तापलेली लागली (घाम येत असला तरी), बोलणं अडखळलं, दिशा समजेना झाली, तर शर्यत तिथे संपवायची. सोबतच्या कुणाचं असं दिसलं तर त्याला सावलीत बसवून स्वयंसेवकाला हाक मारा.

शेवटच्या रेषेनंतर एकदम बसू नका, दहा मिनिटं चाला, मग खारट काहीतरी खा. लघवी गडद तपकिरी आली तर त्याच दिवशी डॉक्टर. पुढचे दोन दिवस आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या टाळलेल्या बऱ्या, पाणी कमी झालेल्या मूत्रपिंडांवर त्यांचा भार पडतो. सायकल पेटीत भरण्याआधी गोड्या पाण्यानं धुवा : घाम आणि खारी हवा हेडसेटच्या बेअरिंगमध्ये आणि हँडलच्या बोल्टमध्ये बसते, आणि हँडलवरच्या टेपखाली ॲल्युमिनियम खात जाते. घरी आल्यावर टेप काढून बघा, बोल्ट सोडवून ग्रीस लावा, साखळीला नवं तेल द्या.