बिअरची खात्रीची रेसिपी? तुम्ही विचारलंत म्हणून

"लीड्सला घरी बिअर करायचास नव्हं? मग एखादी खात्रीची रेसिपी दे की." रंकाळ्यावर फिरायला गेलं की हे ठरलेलं.

इथं परवान्याशिवाय बिअर गाळणं १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं गुन्हा आहे. इंग्लंडमध्ये १९६३ पासून घरच्यापुरती करायला परवाना लागत नाही, म्हणून तिकडं जमलं. रेसिपी कशी पारखायची तेवढं सांगतो. शेवटी किती लिटर भरायची, हॉप्समध्ये, म्हणजे बिअरला कडू चव देणाऱ्या फुलांत, कडूपणा आणणारं अल्फा आम्ल किती टक्के, यीस्ट कुठलं आणि किती तापमानाला, द्रवातल्या साखरेचा अंदाज देणाऱ्या हायड्रोमीटरचा पहिला आणि शेवटचा आकडा. हे नसेल तर पुढं वाचूच नका. 'पाच गॅलन' दिसलं तर लिहिणारा कुठला ते बघा. अमेरिकेतले पाच गॅलन म्हणजे १९ लिटर, इंग्लंडमधले जवळजवळ २३. माझी पहिली बिअर यापायीच पाणचट झाली.

पण मी टाळाटाळ करतो ती यामुळं नाही.

परत आलो त्या एप्रिलात आल्याची बिअर घातली. आलं, लिंबू, आपला गूळ, चिमूटभर यीस्ट. लीड्समध्ये दहादा केलेली. कागदावर लिहिलेलं, 'घरातल्या तापमानाला तीन दिवस.' सहा काचेच्या बाटल्या पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवल्या. दुसऱ्या रात्री ठप्प आवाज झाला. मला वाटलं, मांजर. आई दिवा न लावताच उठली. मी बटण दाबेपर्यंत तिचा पाय काचेवर पडला होता. फरशीवर रक्त आणि गुळाचं पाणी एकत्र वाहत होतं, वर आल्याचा वास. पाच टाके पडले. दवाखान्यातून येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "लिंबू सरबत काय वाईट हुतं?" सकाळी त्या जागी मुंग्यांची रांग.

रेसिपी चुकीची नव्हती, हे मी आजही म्हणतो. लीड्सच्या घरात १८ अंश, आमच्या माळ्यावर दुपारी चाळिशी. उन्हाळ्यात यीस्ट उधळतं, गॅस साठून काच फुटते, हे तुला ठाऊक नव्हतं का? होतं. प्लास्टिकची बाटली घ्यावी, दाबून बघावी, कडक लागली की फ्रीजमध्ये टाकावी, हे मीच लोकांना शिकवायचो. काच घेतली कारण फोटोत छान दिसते. हे आईला अजून सांगितलेलं नाही.

मागच्या महिन्यात मामेभाऊ हटूनच बसला, तेव्हा आल्याची लिहून दिली. बाटली प्लास्टिकची, त्याखाली दोन रेघा. दिवसांची जागा मुद्दाम मोकळी सोडली.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "अरे, दिवस लिहायचे राहिलेत बघ."