गाढी नदीची हद्द आखताना

नवीन पनवेलला राहायला आल्यापासून गाढी नदी मी फक्त पुलावरून पाहत होतो. तिला पाणी नेमके कुठून येते हे समजून घ्यावे, म्हणून गेल्या उन्हाळ्यात तिच्या पाणलोट क्षेत्राचा नकाशा हाताने आखायला घेतला. तो पुरा व्हायला पावसाळा उजाडला.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर ट्रेसिंग पेपर पसरून आधी सगळे ओढे निळ्या पेन्सिलीने गिरवले. समोच्च रेषेचे (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषेचे) टोक चढाकडे वळले की तिथे ओहोळ आणि उताराकडे वळले की डोंगराची सोंड, एवढे डोळ्यांत बसले की जलविभाजक रेषा, म्हणजे दोन खोऱ्यांचे पाणी वेगळे करणारी हद्द, सोंडेवरून पुढे नेता येते. ती एकाही ओढ्याला ओलांडता कामा नये. माझ्या पहिल्या रेषेने, माथेरानच्या उत्तरेला एका खिंडीत चुकून पलीकडच्या दरीत उतरून, ओढा कापला होता. ती सगळी बाजू मला खोडावी लागली.

माथेरानच्या पठारावर तीन खोऱ्यांच्या हद्दी भेटतात. नेरळच्या अंगाला उतरणारे पाणी उल्हास नदीतून वसईच्या खाडीला जाते, दक्षिणेकडचे मोरबे धरणातून पाताळगंगेच्या वाटेला लागते आणि पश्चिमेकडचे गाढीत येऊन देहरंग धरणात साठते. नवी मुंबईच्या नळाला येणारे मोरब्याचे पाणी आणि पनवेलला मिळणारे देहरंगचे पाणी यांची वाटणी एकाच पठाराच्या कडेवर होते, हे ध्यानात आल्यावर मी बराच वेळ पेन्सिल खाली ठेवून त्या कडेकडेच पाहत राहिलो.

जुलैत धोदाणीहून माथेरानच्या वाटेने वर चढलो, कारण कागदावरची रेषा पायाखाली तपासल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवणे मला पटत नव्हते. माथ्याजवळ जांभ्याच्या मातीने पायवाटेवरचे पाणी तांबडे झाले होते, तर खाली बेसाल्टच्या काळ्या कातळावरून तेच नितळ होऊन धावत होते. इतक्या उभ्या कातळावर पाणी मुरायला फारसा वाव नसतो, त्यामुळे डोंगरावर जोराची सर आली की गाढी झपाट्याने चढते.

खरी अडचण घराजवळ आली. पनवेलच्या सपाटीवर २० मीटर अंतराच्या समोच्च रेषा जवळजवळ काहीच सांगत नाहीत, शिवाय भराव, महामार्ग आणि रेल्वेमार्ग यांनी जुने उतार बदलले आहेत. कासाडी नदीकडे जाणारे पाणी कोणते आणि गाढीकडचे कोणते, हे ठरवण्यासाठी मी भर पावसात छत्री घेऊन नाल्यांच्या मोऱ्यांवर उभा राहिलो आणि वाळकी पाने सोडून त्यांची दिशा वहीत टिपत गेलो. बहुतेक ठिकाणी उत्तर लगेच मिळाले. खाडीलगतच्या एका मोरीत मात्र ओहोटीला पुढे गेलेले पान भरतीच्या वेळी सोडल्यावर थोडे थबकले आणि माझ्याकडेच परत आले. तेवढा भाग नकाशावर मी तुटक रेषेने दाखवला आहे.