तुम्ही विचारलंत म्हणून: पेपरवाल्यांना आता काय काम?

लग्नाच्या पंगतीत हमखास कुणीतरी विचारतं, ‘‘सगळं मोबाईलवर आधीच येतं. मग तुम्ही पेपरवाले करता काय? कंटाळा नाही येत?’’ तोंडात जिलबी असते, मी हसून वेळ मारून नेतो. आज सवडीने सांगतो.

येतो कंटाळा. आमच्या नाशिकच्या डेस्कवर आता भिंतीवर मोठा स्क्रीन आहे. कुठली बातमी या घडीला किती जण वाचताहेत, ते आकडे त्यावर पळत असतात. चार दिवस महापालिकेत खेटे घालून केलेली पाणीपट्टीची बातमी तळाला, आणि कुठल्याशा नटीचा विमानतळावरचा फोटो सगळ्यात वर. पूर्वी रात्री पान छपाईला सुटलं की दिवस संपायचा. आता पान सुटतच नाही.

तरी पावसाळ्यातली एक रात्र आठवते. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ फिरत होता: गोदेला महापूर, दुतोंड्या मारुती बुडाला. (बाहेरच्यांसाठी सांगतो, रामकुंडाजवळची ही मूर्ती म्हणजे आम्हा नाशिककरांची पूर मोजायची पट्टी. गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी. क्युसेक वगैरे नंतर.) डेस्कवरचा पोरगा म्हणाला, ‘‘सर, टाकू? बाकीच्यांनी टाकलाय.’’

तो व्हिडिओ मी ओळखला. 2019च्या ऑगस्टमधला, आमच्याच साइटसाठी मीच कापलेला. तरी स्कूटर काढली, घाटावर गेलो. टपरीवाले सामान वर चढवत होते आणि पाणी मारुतीच्या गुडघ्याला होतं. तिथूनच पूर नियंत्रण कक्षाला फोन लावला. गंगापूर धरणाचा विसर्ग पहाटे वाढवणार होते. चार ओळी टाकल्या, खाली नेहमीसारखा डेस्कचा नंबर.

बारा वाजून गेल्यावर चांदोरीहून फोन आला. गोदेला पूर आला की चांदोरी-सायखेड्यात पाणी शिरतंच.

‘‘साहेब, मारुती बुडाला म्हणतात, खरं का? माझा गोठा नदीलगत आहे.’’

‘‘नाही बुडाला. पण पहाटे पाणी वाढणार आहे, काका.’’

‘‘मंग आत्ताच सोडतो गुरं.’’

फोन बंद करायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. दावी सोडल्याचे, घंटांचे आवाज येत राहिले. मधेच ते घरात कुणाला तरी ओरडले, ‘‘आधी गाभण गाय काढ!’’