मामांचा ऊस रडारला दिसलाच नाही

सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला पूर आला तेव्हा मी एमएस्सी भूगोलाच्या प्रकल्पाला विषय शोधत होतो. मामांचं रान मोहोळ तालुक्यात, नदीला लागूनच. म्हटलं, पुराचाच नकाशा करू.

साधी उपग्रहचित्रं उघडली तर सगळी ढगांनी पांढरी. मग सेंटिनेल-1 कडे वळलो. हा युरोपचा रडार उपग्रह स्वतःच सूक्ष्मलहरी सोडतो आणि परत आलेल्या लहरी मोजतो, त्यामुळे ढग काय, रात्र काय, त्याला फरक पडत नाही. डेटा फुकट, फक्त नावनोंदणी करायची. एक उपग्रह त्याच वाटेनं 12 दिवसांनी येतो. तरी नशिबानं पुरातला एक सीन, म्हणजे उपग्रहानं टिपलेलं एक रडारचित्र, सापडला, पुराआधीचाही.

पुढे मात्र लॅपटॉपनं रडवलं. कॅलिब्रेशन म्हणजे रडारच्या आकड्यांचं प्रमाणीकरण झालं, स्पेकल म्हणजे चित्रभर उठलेली खरखर कमी केली आणि टेरेन करेक्शनला, म्हणजे चढ-उतारांमुळे सरकलेलं चित्र जागेवर बसवताना, गाडी अडली ती अडलीच. शेवटी अख्खा सीन सोडून मोहोळ-सोलापूरएवढा तुकडा कापला. (हे आधीच करायचं असतं म्हणे!)

संथ पाण्यावरून लहर आरशावरून गेल्यासारखी पलीकडे निसटते, म्हणून पाणी काळं दिसतं. पण सोलापूरच्या होटगी रस्त्यावरच्या विमानतळाची धावपट्टीही काळीच. पहिल्या नकाशात मी तिथं चक्क तळं दाखवलं होतं. पुराआधीच्या सीनशी ताडल्यावर ते गेलं.

नकाशा घेऊन मामांकडे गेलो.

"आपला फड कुठाय ह्यात?"

दाखवला. त्यावर पाण्याचा निळा रंग नव्हताच.

"कमरंएवढं पाणी हुतं की रं. तुझ्या रडारला दिसलं न्हाय व्हय?"

सेंटिनेलची लहर साधारण साडेपाच सेंटिमीटरची. उभ्या दाट उसात ती वरच्या पाल्यातच अडकते, खालच्या पाण्यापर्यंत पोचत नाही. नासा-इस्रोच्या निसारवर 24 सेंटिमीटरची लहर आहे, ती पिकात खोल शिरते. पण तो उपग्रह जुलै 2025 मध्येच सुटलेला. त्याचा डेटा तेव्हा माझ्या हाती कुठला?

मामांनी फडात नेलं. उसाच्या कांड्यांवर वाळलेल्या गाळाची रेघ होती, सरीन्‌सरी एकाच उंचीवर, माझ्या पट्ट्याच्या वर चार बोटं. मग बांधावर बसून मामा सांगत गेले आणि मी नकाशावर पेन्सिलीनं रेघा मारत गेलो. आमचा फड, शेजारचे दोन, ओढ्यापलीकडचा एक. अंतिम नकाशात तेवढा भाग वेगळ्या रंगात आहे. सूचीत त्यापुढे 'प्रत्यक्ष पाहणी' असं लिहिलंय.